साठ लाखांची गाडी चौदा लाखांत : सौदा की फास?

आमच्या भिवंडीत गेल्या काही वर्षांत एक नवे दृश्य दिसू लागले आहे. यंत्रमागाच्या शेडबाहेर, जिथे पूर्वी टेम्पो आणि फार तर एखादी साधी मोटार उभी असायची, तिथे आता काळ्या काचांची जर्मन सलून गाडी उभी दिसते. नवी नव्हे, जुनी. मालक तरुण असतो आणि भेटला की पहिले वाक्य ठरलेले असते, "नवी असती तर साठ लाख पडले असते, मला चौदाला मिळाली."

माझ्या पुतण्यानेही मला हेच वाक्य ऐकवले होते. "चाचा, साठ लाखांचा माल चौदा लाखांत. आपल्या धंद्यात कधी असा सौदा मिळतो का?" तेव्हा मी गप्प राहिलो. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर एवढे कळते, की पंचाहत्तर टक्के भाव पडलेला माल समोर आला तर आधी ताका उलगडून पाहावा. पण ताका माझा नव्हता आणि पैसे देऊन झाले होते. त्या गाडीचे पुढे काय झाले ते सांगतोच. त्याआधी या गाड्यांचा भाव इतका का पडतो, ते समजून घेणे गरजेचे आहे.

भाव कुठे जातो?

पहिले कारण कर. मोठ्या सलून गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी जीएसटी आणि सेस मिळून ४८ टक्के कर होता, तो त्या तारखेपासून ४० टक्के झाला. शोरूमला ६० लाख किंमत असलेल्या गाडीत आजही सुमारे १७ लाख रुपये कराचेच आहेत. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या डिझेल गाडीला १५ टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे आणखी ९ लाख. गाडी रस्त्यावर येईपर्यंत ६९ लाख गेले आणि त्यातले २६ लाख सरकारच्या तिजोरीत जमा झाले. गाडी विकायला काढली की हे २६ लाख कोणी वेगळे मोजून देत नाही. शिवाय प्रवासी गाडीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट आपल्यासारख्या व्यापाऱ्याला मिळत नाही. सुताचा कर पुढे वळता होतो, गाडीचा होत नाही.

दुसरे कारण गिऱ्हाईक. साठ लाखांची नवी गाडी घेणाऱ्याला जुनी नको असते आणि चौदा लाख खर्च करणाऱ्या शहाण्या माणसाला त्याच पैशांत नवी, वॉरंटी असलेली गाडी मिळते. उरतो तो फक्त शौकीन. ज्या मालाला गिऱ्हाईक थोडे, त्याचा भाव विकणारा ठरवत नाही, घेणारा ठरवतो.

तिसरे कारण नवे मॉडेल. दर सहा-सात वर्षांनी चेहरा बदलतो आणि ज्या रुबाबासाठी पैसे मोजले होते, तो रुबाब एका दिवसात जुना होतो. सणानंतर उरलेल्या डिझाइनचे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

चौथे आणि सर्वात मोठे कारण म्हणजे वॉरंटी संपणे. पहिली काही वर्षे दुरुस्तीची जबाबदारी कंपनीची असते. ती संपली की पहिला मालक हिशेब करतो आणि गाडी बाजारात आणतो. आपला तरुण नेमका तेव्हाच तिथे उभा असतो.

गाडीचा भाव उतरतो, सुट्या भागांचा नाही

या लेखातले एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा : गाडी चौदा लाखांची झाली तरी तिचे भाग साठ लाखांच्या गाडीचेच राहतात. त्यांना घसारा लागत नाही. उलट डॉलर आणि युरो वाढले की ते महाग होतात.

वेगवान सलून गाडीत हे आणखी ठळक दिसते. साध्या गाडीत लोखंडी स्प्रिंग असते, हिच्यात हवेवर चालणारे सस्पेन्शन असू शकते. रबराच्या पिशवीतून हवा गळू लागली की कॉम्प्रेसर सतत चालतो, मग तोही जळतो. दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, टर्बो, मोठ्या ब्रेक डिस्क, पंक्चर झाल्यावरही थोडे अंतर चालणारे टायर, डझनावारी सेन्सर, हे सर्व गाडीला पळवते आणि थांबवते, पण झिजतेही. काही इंजिनांत टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे बसवलेली असते. तिचे काम निघाले की आधी इंजिन उतरवण्याचीच मजुरी डोळे पांढरे करते.

बीएमडब्ल्यूची एम-५ ही वेगवान सलूनमधली नामांकित गाडी. २००५ ते २०१० या काळातल्या एम-५ ला पाच लिटरचे दहा सिलिंडरचे इंजिन होते, ताकद ५०७ हॉर्सपॉवर. युरोपात काही वर्षांतच तिचा भाव मूळ किमतीच्या लहानशा हिश्श्यावर आला. इंजिन वाईट होते म्हणून नव्हे. त्यातली कनेक्टिंग रॉडची बेअरिंग वेळेआधी झिजतात आणि ती वेळीच बदलली नाहीत तर अख्खे इंजिन जाते, हे घेणाऱ्यांना कळून चुकले होते. भाव पडला तो त्या भीतीचा.

याला अपवादही आहेत आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. लोटसने १९९० ते १९९२ या काळात सुधारून दिलेली ओमेगा-कार्लटन ही सलून फक्त ९५० बनली. आज ती संग्राहकांची गाडी आहे. आपल्याकडे स्कोडाने २०२० मध्ये ऑक्टाव्हिया आरएस २४५ सुमारे ३६ लाखांना आणली, फक्त २०० गाड्या. शोधणारे जास्त आणि माल थोडा, म्हणून तिचा भाव मोठ्या जर्मन गाड्यांसारखा कोसळला नाही. एक गोष्ट लक्षात घ्या. भाव टिकवणारी गाडी आकाराने मोठी किंवा मूळची सर्वात महाग नव्हती. ती मोजकी होती आणि तिचे बरेच भाग साध्या ऑक्टाव्हियाचेच होते. भाव रुबाबाने टिकत नाही. माल थोडा असला आणि दुरुस्ती आवाक्यात असली तर टिकतो.

दीडशे गाड्यांचा धडा

औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची गोष्ट अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या उद्योजक, व्यापारी आणि डॉक्टर मंडळींनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता. देशभर गाजला. शहराची ताकद दाखवण्याचा हेतू होता आणि तो साधला, यात शंका नाही.

पण व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. एका गाडीला सरासरी ४३ लाख पडले. आयकर खाते मोटारीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा धरते. त्या हिशेबाने पाच वर्षांनी ४३ लाखांचे १९ लाख उरतात, दहा वर्षांनी साडेआठ लाख. हा झाला वहीतला आकडा. मोठ्या सलून गाडीला बाजार वहीपेक्षाही निर्दय असतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या गाड्यांच्या नोंदणीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. म्हणजे जी रस्त्यावर आहे तिला तपासणी, नूतनीकरणाची ५,००० रुपये फी आणि वर ग्रीन टॅक्स. त्या मंडळींचा धंदा मोठा होता, त्यांनी हे सोसले असेल. प्रश्न आहे तो चोवीस माग चालवणाऱ्या माणसाचा.

वहीच्या घसाऱ्याबद्दल एक गैरसमज दूर करतो. "गाडी धंद्यात दाखवली, टॅक्स वाचला" असे जो तो म्हणतो. घसारा म्हणजे कमाई नव्हे, झालेल्या नुकसानीची नोंद. शंभर रुपये बुडाले तर त्यावरचा तीस रुपयांचा कर वाचतो, सत्तर तरी बुडतातच. आणि कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर रोड टॅक्स २० टक्के लागतो, तो हिशेबात धरायचा कोणी? जीएसटी नोंदणी असलेल्याने घसारा घेतलेली गाडी वहीतल्या किमतीपेक्षा जास्तीला विकली, तर त्या फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. मोठ्या गाड्यांना हा दर आधीपासून होता, जानेवारी २०२५ पासून सर्वच जुन्या गाड्यांना तो लागू झाला. वहीपेक्षा कमी भाव आला तर कर नाही. पण कर लागला नाही म्हणून आनंद मानायचा, तर तो नुकसानीचा आनंद आहे.

दिल्लीचा माल

पुतण्याची गाडी दिल्लीहून आली होती. सात वर्षांची, डिझेल. तिथून माल स्वस्त का येतो? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाई तूर्त थांबवली आणि डिसेंबरमध्ये ती मोकळीक बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती ठेवली. मधल्या सर्व वर्षांत तिथल्या मालकाला सात वर्षांची डिझेल गाडी म्हणजे तीन वर्षे उरलेली गाडी होती. त्याने ती बाहेर लोटली आणि आपल्या लोकांनी उचलली.

आता हिशेब पाहा. गाडी १४ लाख. इथली नोंदणी आणि रोड टॅक्स मिळून दीड लाख. चौथ्या महिन्यात सकाळी गाडी पुढून बसलेली दिसली : दोन्ही पुढचे सस्पेन्शन आणि कॉम्प्रेसर. त्यानंतर गिअरबॉक्स. मग टायर आणि ब्रेक. वीस महिन्यांत सहा लाख. शेवटी ती साडेसात लाखांना गेली. साडेएकवीस घातले, साडेसात परत आले. चौदा लाख बुडाले. महिन्याला सत्तर हजार, डिझेल आणि विमा सोडून. ज्याने गाडी विकली त्याने एकही ऐब सांगितला नव्हता आणि यानेही विचारले नव्हते. किलोमीटरचा काटा मात्र छान दिसत होता.

याच पैशांत त्याच्या शेडमध्ये जुने रॅपिअर माग बसले असते. जुना माग आपण युरोपातून आलेलाही घेतो आणि तोही झिजलेला असतो. पण तो रात्रंदिवस कापड काढून आपली किंमत परत करतो. गाडी उभी राहूनही खाते. सूत उधारीवर, मजुरी रोखीने आणि खेळते भांडवल गाडीत अडकलेले, अशा अवस्थेत बाजार एक महिना जरी मंदावला तरी पहिला फटका मजुराच्या हप्त्याला बसतो. म्हणून हा केवळ एका तरुणाच्या शौकाचा प्रश्न नाही.

मग काय करावे?

मी शौकाच्या विरोधात नाही. जुनी चांगली गाडी घेणे हे नवी घेण्यापेक्षा शहाणपणाचे असू शकते, कारण पहिला आणि सर्वात मोठा घसारा दुसऱ्याने सोसलेला असतो. पण काही नियम पाळावेत.

गाडीच्या किमतीच्या निदान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा ठेवता येत असेल तरच हात घालावा. चौदा लाख असतील तर अकराची गाडी पाहावी. धंद्याच्या भांडवलातून किंवा कर्जावर घेऊ नये. गाडीचा भाव हप्त्यांपेक्षा वेगाने उतरतो आणि एक दिवस असा येतो की गाडीपेक्षा कर्ज मोठे असते. सर्व्हिसची पूर्ण नोंद नसेल तर सौदा सोडून द्यावा. काट्यावरचे किलोमीटर त्या नोंदींशी जुळवून पाहावेत. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, परराज्यातली असेल तर एनओसी आहे का, हे पैसे देण्याआधी तपासावे. सीटखालचा गालिचा उचलून गंज आणि चिखल पाहावा. पुरात बुडालेली गाडी धुऊन, अत्तर लावून दुसऱ्या राज्यात विकली जाते. आखातात नातेवाईक असलेल्यांनी तिथल्या स्वस्त गाड्यांचा मोह ठेवू नये. तिथे स्टीअरिंग डावीकडे आणि आपल्याकडे जुनी गाडी आयात करायची तर ती उजव्या स्टीअरिंगची, तीन वर्षांच्या आतली हवी, वर जकात जबर.

शेवटचे सांगणे आमच्या कारागीर भावांना. डेंटिंग, पेंटिंग, सीटकाम, एसी, वायरिंग, कुर्ल्यातल्या सुट्या भागांच्या बाजारापासून गल्लीतल्या गॅरेजपर्यंत या कामात आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या गाड्या घेणाऱ्याचे जिथे नुकसान होते, तिथेच जाणकार मिस्त्रीची कमाई आहे. स्कॅनर घ्या, एक-दोन कंपन्यांच्या गाड्या मुळापासून शिका आणि घेण्याआधीची तपासणी ठराविक फी घेऊन, सहीनिशी लेखी द्या. विकणाऱ्याकडून कमिशन मात्र घेऊ नका. आपल्याकडे फोल्डिंगच्या टेबलावर जो माणूस ताका तपासतो, तो ना विणकराचा असतो ना व्यापाऱ्याचा. त्याच्या शब्दावर लाखोंचा माल उचलला जातो. जुन्या गाड्यांच्या बाजारात ती जागा अजून रिकामी आहे.

पुतण्या हल्ली सहा वर्षांच्या साध्या गाडीतून फिरतो. परवा त्याचा मित्र अशीच एक लांबलचक सलून पाहायला निघाला, तेव्हा हा त्याला म्हणाला, "आधी मिस्त्रीला घेऊन जा. त्याची फी मी देतो."