टोंकिनच्या आखाताचा धडा

युद्ध पुकारण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न केवळ घटनापंडितांच्या चर्चेचा नव्हे. ज्या घरांतील मुले रणांगणावर जातात, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेने हा अधिकार अध्यक्षांकडे न देता काँग्रेसकडे, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या दोन सभागृहांकडे सोपविला आहे. व्हिएतनामच्या बाबतीत त्यांनी तो आपण होऊन कसा हातचा घालविला, याचे स्मरण करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२ ऑगस्ट १९६४ रोजी टोंकिनच्या आखातात उत्तर व्हिएतनामच्या टॉर्पेडो-नौकांनी ‘मॅडॉक्स’ या अमेरिकन विनाशिकेवर हल्ला केला, हे खरे. परंतु ४ ऑगस्टच्या रात्री दुसरा हल्ला झाल्याची जी वार्ता आली, तिजविषयी तेथील नौदल अधिकाऱ्यानेच लागलीच शंका व्यक्त केली होती. शंकेचे निरसन होण्यापूर्वीच अध्यक्ष जॉन्सन यांनी बाँबहल्ल्याचा हुकूम दिला. ७ ऑगस्टला काँग्रेसने त्यांना आवश्यक वाटेल ती लष्करी कारवाई करण्याची मुभा दिली. प्रतिनिधिगृहात विरोधी मत एकही पडले नाही. सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. मोर्स आणि ग्रुएनिंग हे ते दोन सिनेटर. १९६८ साली दोघांनाही आपल्या जागा गमवाव्या लागल्या. आणि दुसरा हल्ला झालाच नव्हता, हे अमेरिकन सरकारच्याच गुप्त कागदपत्रांनी २००५ साली उघड केले!

कोणी म्हणेल, कम्युनिझमचा प्रसार रोखणे हे कर्तव्यच नव्हते काय? कम्युनिस्ट राजवटीची भलामण आम्हांस करावयाची नाही. १९७५ साली सायगाव पडल्यावर असंख्य लोक छावण्यांत डांबले गेले आणि लाखोंनी होड्यांतून देशत्याग केला, हे आम्ही विसरलेलो नाही. पण हेतू उदात्त असला म्हणजे पुरावा मागण्याचे कारण उरत नाही, हा युक्तिवाद घातक होय. सारे कम्युनिस्ट एक, या गृहीतावर ते युद्ध लढले गेले. १९७९ साली चीन व व्हिएतनाम ही कम्युनिस्ट राष्ट्रेच परस्परांशी लढली. दरम्यान ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक आणि लक्षावधी व्हिएतनामी प्राणांस मुकले होते.

अमेरिकन काँग्रेसला पश्चात्ताप झाला नाही असे नाही. १९७१ साली तो ठराव रद्द झाला आणि १९७३ साली अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून अध्यक्षांच्या युद्धाधिकारावर मर्यादा घालणारा कायदा संमत झाला. परंतु कायदा स्वतः प्रश्न विचारीत नाही. ते काम सभागृहात बसलेल्या माणसांचेच असते. राष्ट्र संतप्त असताना उभे राहून ‘आधी पुरावा दाखवा’ म्हणणारा प्रतिनिधी त्या दिवशी देशद्रोही ठरतो. त्याचा आवाज ऐकून घेण्याइतका धीर जनतेजवळ नसेल, तर त्या अधीरतेची किंमत अखेर तिच्याच मुलांना मोजावी लागते.