कुपोषण, मजुरी आणि दूरचा दवाखाना : नंदुरबार आपल्याला काय सांगतं?

नंदुरबारमधल्या कुपोषणाच्या बातम्या दरवर्षी पावसाळ्यात येतात. अधिकारी धडगाव-अक्कलकुव्याला जाऊन येतात, विधिमंडळात प्रश्न विचारला जातो आणि पुढच्या वर्षी तीच बातमी पुन्हा छापून येते. चर्चा मात्र डॉक्टर किती, औषधं किती, रुग्णवाहिका किती, इथेच थांबते. हे प्रश्न खरेच आहेत. पण मूल दवाखान्यात पोचण्याच्या कितीतरी आधी आजारी पडलेलं असतं. त्याचं मूळ घरच्या कमाईत, पाण्यात आणि रस्त्यात असतं.

नीती आयोगाच्या २०२१ च्या बहुआयामी गरिबी अहवालात महाराष्ट्रातले १४.८५ टक्के लोक गरीब होते. नंदुरबारमध्ये हेच प्रमाण ५२.१२ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत जास्त होतं. नंतर ते उतरलं. पण हा अहवाल फक्त पैसा मोजत नाही. पोषण, शाळा, चुलीचं इंधन, पाणी, शौचालय, घर असं सगळं मोजतो. आजारपण याच गोष्टींतून येतं.

आपल्याच जिल्ह्यातलं नवापूर बघा. २००६ मध्ये बर्ड फ्लूमुळे हे नाव देशभर गेलं, कारण इथे कोंबड्यांचा आणि अंड्यांचा मोठा धंदा आहे. त्याच जिल्ह्यातल्या लहान मुलांना अंडं मिळावं म्हणून सरकारला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालवावी लागते. म्हणजे अंड्यांची टंचाई नाही, ती विकत घ्यायची ऐपत नाही.

ऐपत नाही म्हणून स्थलांतर होतं. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबं मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला गुजरातमध्ये किंवा राज्यातल्या इतर जिल्ह्यांत जातात. कोणी होळीला परततं, कोणी उन्हाळ्यात. अमृत आहारात गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत चौरस जेवण मिळतं. पण बाई उसाच्या फडात आणि तिचं नाव गावच्या वहीत असेल, तर ते ताट तिच्यापर्यंत पोचणार कसं? मुलांचं वजन घेणं, लसीकरण, शाळा, सगळंच मध्येच तुटतं. तीव्र कुपोषित मुलाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवायचं, तर आईलाही दोन आठवडे तिथेच राहावं लागतं. तिच्यासाठी बुडीत मजुरीची सोय आहे. पण घरी राहिलेल्या बाकीच्या लेकरांना कोण बघणार?

आणि अंतर? नर्मदेकाठच्या काही पाड्यांना आजही होडीशिवाय वाट नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत बालकांपर्यंत आहार पोचवत होत्या. देशभर त्यांचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण सेविकेला होडी का वल्हवावी लागते, हा प्रश्न कौतुकात हरवून गेला.

हा फक्त आदिवासी पाड्यांचा प्रश्न आहे, असं समजून आपण मोकळे होऊ शकत नाही. शहरात आपल्या मोहल्ल्यांतही हेच घडतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली, तेव्हा गोवंडी परिसर सर्वांत आधी होरपळला. पुढे भिवंडी, मालेगावचीही नावं आली. लहानशा खोलीत दाटीने राहणारी कुटुंबं, अशक्त मुलं, कोरोनाकाळात राहून गेलेल्या लसी. तिथे दवाखाना होडीइतका दूर नव्हता, तरी मुलं दगावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ मध्येच सांगितलं होतं, की माणूस कुठे जन्मतो, कसा राहतो, काय काम करतो, यावर त्याचं आरोग्य ठरतं.

मग आपण काय करायचं? आपल्याकडे सदक्याच्या, इमदादीच्या पैशातून मोफत तपासणी शिबिरं होतात. चांगलंच आहे. पण एका दिवसाच्या शिबिरातल्या टॉनिकने वर्षभराची उपासमार भरून निघत नाही. त्याच कमिट्यांनी मोहल्ल्यातल्या प्रत्येक गरोदर बहिणीची अंगणवाडीत नोंद आहे का, रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत का, लसीचं कार्ड पूर्ण आहे का, हे बघावं. आम्हा शिक्षकांनाही वर्गात पेंगणारं मूल आधी आळशी वाटतं. सकाळी काही खाल्लंस का, हे त्याला आधी विचारायला हवं. आणि मुलगी दहावीनंतर घरी बसणार नाही, एवढं प्रत्येक घराने ठरवावं. शिकलेली आई बाळाचं वजन आणि लस दोन्ही चुकवत नाही.

शेजारी उपाशी असताना पोटभर जेवणाऱ्याबद्दल दीनने काय सांगितलंय, ते आपल्याला माहीत आहे. नंदुरबार, तळोदा, शहादा, अक्कलकुव्याच्या बाजारात आपली दुकानं आहेत आणि सातपुड्यातली माणसं आपली रोजची गिऱ्हाईकं आहेत. ऊसतोड कामगारांना जिथे जातील तिथे अंगणवाडीचा आहार आणि रेशन मिळालं पाहिजे, ही मागणी त्यांच्याइतकीच आपलीही असायला हवी.