बाण आधी, सूत्र नंतर

सीईटीपासून फर्स्ट इयरपर्यंत एक गणित आपला पिच्छा सोडत नाही. +४ आणि −१ मायक्रोकूलॉम असे दोन प्रभार, मध्ये ३० सेंमी अंतर. तिसरा प्रभार कुठे ठेवला तर त्याच्यावरचं एकूण बल शून्य होईल?

पेपरच्या आदल्या रात्री होस्टेलवर हे कसं सुटतं ते सर्वांना ठाऊक आहे. कूलॉमचा नियम दोनदा लिहायचा, मध्ये बरोबरचं चिन्ह, वर्गमूळ. −१ पासून अंतर मोजलं तर उत्तरं दोन: ३० आणि −१०. ‘मायनसवालं खोड रे!’ झालं. पण तेच अंतर +४ पासून मोजा. उत्तरं येतात ६० आणि २०. दोन्ही प्लस! आता काय खोडणार?

२० सेंमीवर दोन्ही बलं सारखी आहेत हे खरंच आहे. फक्त ती एकाच दिशेला आहेत. आमच्या बोरी बुद्रुकच्या पोराला विचारा, एका जुवाला जुंपलेले दोन बैल सारख्याच जोरानं ओढताहेत, तर गाडा थांबेल की पळेल? जुन्नर-आंबेगावात बैलगाडा पाहिलेलं शेंबडं पोरही बरोबर सांगेल. तोच पोरगा इथे येऊन वर्गमूळात अडकतो, केटी लागते, आणि आपलं इंग्लिश कच्चं म्हणून फिजिक्स जमत नाही असं धरून बसतो. इंग्लिशचा इथे काय संबंध? दोन बाण काढायला कुठली भाषा लागते?

म्हणून सर-मॅडमना विनंती, की या गणितात निम्मे मार्क आकृतीला द्या. आणि ओरलला एवढंच विचारा, की प्रभार त्या जागेवरून जरा हलवला तर काय होईल? दोन्ही प्रभार धन असतील तर तीच २० सेंमीची जागा बरोबर ठरते. तिथला धन प्रभार रेषेवर ढकलला तर परत येतो, पण बाजूला ढकलला की पळालाच. नुसत्या स्थिर प्रभारांनी कुठलाच प्रभार सगळ्या बाजूंनी धरून ठेवता येत नाही, हे अर्नशॉनं १८४२ मध्येच दाखवलं. वोल्फगांग पॉलनं त्यावर तोड काढली ती सतत बदलणारं विद्युतक्षेत्र वापरून, आणि आयन पकडून ठेवले. १९८९ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता.

आमच्या गाइडमध्ये मात्र हे गणित ‘उत्तर: ६० सेंमी’ इथेच संपतं.