चालकविरहित मोटारींच्या सुरक्षिततेचा हिशेब

अमेरिकेतील काही शहरांत चालकविरहित मोटारी प्रवाशांची ने-आण करीत आहेत. इतके लाख किलोमीटर धावूनही एकही प्राणहानी नाही, असे एखादी कंपनी सांगते तेव्हा तो आकडा भक्कम वाटतो. परंतु आकड्याचे मोल तो कशाशी ताडून पाहिला यावर ठरते.

अमेरिकेत मानवी चालकांच्या हातून दर १० कोटी मैलांमागे सुमारे एक मृत्यू होतो. लाखो किलोमीटर प्राणहानीविना तर बहुसंख्य माणसेही वाहन चालवितात. मोटार माणसापेक्षा सुरक्षित असल्याचे ९५ टक्के खात्रीने सिद्ध करायचे, तर एकाही मृत्यूविना २७.५ कोटी मैल, म्हणजे सुमारे ४४ कोटी किलोमीटर धावावे लागेल, असे गणित रँड या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये मांडले. ताशी २५ मैल वेगाने १०० मोटारी अहोरात्र धावल्या तरी त्यास साडेबारा वर्षे लागतील. शिवाय मोटारीची संगणकीय प्रणाली मध्येच बदलली, की जुना हिशेब नव्या प्रणालीस जसाच्या तसा लागू होत नाही.

म्हणूनच किरकोळ धडका, रस्त्याचा प्रकार, हवामान, वेळ यांच्याही नोंदी आवश्यक ठरतात. या नोंदी मुख्यतः कंपनीच ठेवते. खरी अडचण येथेच आहे.

२ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे मानवी चालकाच्या मोटारीने एका पादचारी स्त्रीला उडविले व ती ‘क्रूझ’ कंपनीच्या चालकविरहित मोटारीपुढे पडली. ती मोटार धडकून थांबली. मग कडेला जाण्यासाठी पुन्हा निघाली आणि त्या स्त्रीला सुमारे २० फूट फरफटत नेले. केंद्रीय वाहतूक सुरक्षा यंत्रणेस दिलेल्या अहवालात या फरफटीचा उल्लेखच नव्हता. कॅलिफोर्निया राज्याने त्याच महिन्यात कंपनीचे परवाने स्थगित केले. २०२४ मध्ये खोटा अहवाल दिल्याची कबुली देऊन कंपनीने ५ लाख डॉलरचा दंड मान्य केला.

प्रणालीतील दोष दुरुस्त करता येतो; वगळलेली एक नोंद मात्र उरलेल्या सर्व नोंदींवर संशय निर्माण करते. ताळेबंद पेढीने मांडावा, पण तपासावा त्रयस्थाने, हा नियम व्यापारी घराण्यांस नवा नाही. उद्या अशी मोटार आपल्या दारी आली, तर तिने कापलेले अंतर वाचण्यापूर्वी तिची वही कोणी तपासली, हे विचारणे इष्ट.