शोधनिबंध ऑनलाइन जरूर न्या, पण बाजारात मांडू नका!

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील प्राध्यापक, संशोधक, ग्रंथपाल, संस्थाचालक आणि वाचक बंधुभगिनींनो,

आपल्या महाविद्यालयांतले बरेचसे संशोधन आता ई-जर्नलमध्ये प्रसिद्ध होते. छापील त्रैमासिके, वार्षिके मागे पडली. या बदलाला आमचा विरोध नाही. बिळूरसारख्या गावातल्या विद्यार्थ्याला कोल्हापूरला न जाता शोधनिबंध वाचता येत असेल तर त्याचे स्वागतच आहे. आमचा विरोध आहे तो या बदलाआडून फोफावलेल्या धंद्याला आणि तो उघड्या डोळ्यांनी चालू देणाऱ्या आपल्या सर्वांच्या मौनाला.

हा वारसा आपला आहे

मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी 1897 पासून पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली पत्रे निवडून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, तो वाईत मिळालेल्या कागदपत्रांच्या बळावर. साताऱ्याहून द. ब. पारसनीसांनी 1908 साली 'इतिहाससंग्रह' मासिक काढले. 1947 साली 'नवभारत' सुरू झाले. इस्लामपूरचे आचार्य जावडेकर, वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि प्रा. मे. पुं. रेगे यांनी त्याची संपादकीय धुरा वाहिली. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाचे हे मासिक महाराष्ट्रभर गंभीरपणे वाचले गेले.

या माणसांना लेखामागे बढतीचे गुण मिळत नव्हते. संपादक लेख वाचत, शंका विचारत, दुरुस्त्या सुचवत, आणि न पटल्यास लेख साभार परत येई. लेखकाकडून छापण्याचे पैसे घ्यायचे, हे त्यांच्या स्वप्नातही आले नसते.

आज काय चालले आहे?

आज व्हॉट्सॲपवर जाहिरात येते: निबंध पाठवा, शुल्क भरा, दोन-तीन दिवसांत प्रकाशन, प्रमाणपत्रासह. तज्ज्ञांनी परीक्षण केल्याचा दावा असतो. पण दोन दिवसांत कोणता तज्ज्ञ काय वाचणार? 'इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणून एक आकडा छापलेला असतो, तो कुणी आणि कसा काढला याचा पत्ता नसतो. आयएसएसएन क्रमांक तर दर्जाचा शिक्का म्हणून मिरवला जातो. तो केवळ नियतकालिकाची ओळख पटवणारा क्रमांक आहे. आतल्या मजकुराच्या गुणवत्तेशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एकदिवसीय चर्चासत्र घ्यायचे, सहभागींकडून रक्कम जमा करायची आणि सगळे निबंध एका 'विशेषांका'त कोंबायचे, हीही आता रीतच झाली आहे.

यात भरडला जातो तो तासिका तत्त्वावर राबणारा तरुण प्राध्यापक आणि पीएच.डी. करणारी मुलगी. नोकरीच्या आशेने ती तुटपुंज्या मिळकतीतून शुल्क भरते. तिच्या निबंधात माणदेशातल्या दुष्काळावर किंवा प्रतिसरकारच्या चळवळीवर खरेच काही नवे असले, तरी तो निबंध अशा ढिगात पडतो की जाणकार तिकडे फिरकतही नाही.

जबाबदारी कुणाची?

आधी दोष धोरणाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 पासून बढती गुणांच्या गणिताला बांधली. 2018 च्या नियमावलीत मानव्यविद्येच्या एका शोधनिबंधाला 10 गुण, विज्ञानाच्या निबंधाला 8. गुण मोजायचे म्हटल्यावर निबंध विकणारे उभे राहणारच. आयोगाने नियतकालिकांची यादी केली आणि मे 2018 मध्ये तिच्यातली 4,305 नावे स्वतःच काढून टाकली. त्याच वर्षी पुण्याच्या संशोधकांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिले की विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या, तपासलेल्या नियतकालिकांपैकी 88 टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची होती. 2019 मध्ये 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही मागे घेतली गेली. आता पारख करण्याची जबाबदारी विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्यावर आहे.

म्हणजे आता दिल्लीकडे बोट दाखवून सुटका नाही. निवड समितीत, बढतीच्या समितीत बसणारी माणसे आपल्यातलीच आहेत. त्यांनी निबंध उघडून वाचला तर हा धंदा उद्या बसेल.

ई-अंक टिकणार कसे?

छापील पुस्तकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या प्रती मुंबईसह देशातल्या चार ग्रंथालयांत जमा करण्याचे बंधन 1954 च्या कायद्याने आणि त्याच्या दुरुस्तीने प्रकाशकांवर घातले आहे. केवळ संकेतस्थळावर निघणाऱ्या अंकावर असे कोणतेही बंधन नाही. संकेतस्थळाचे वार्षिक भाडे थकले की अंक गेला. जगभरातली 174 मुक्त ई-नियतकालिके 2000 ते 2019 या काळात इंटरनेटवरून नाहीशी झाल्याचे संशोधकांनी नोंदवले आहे. तिथे ही गत, तर आपल्याकडे भाड्याच्या सर्व्हरवर चालणाऱ्या अंकांचे काय?

कागद अमर आहे, असेही आम्ही म्हणत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फूट ओलांडले आणि सांगली नगरवाचनालयाच्या हजारो ग्रंथांचा लगदा झाला. एकाच ठिकाणी ठेवलेली गोष्ट जाते, मग ती कागदावर असो वा सर्व्हरवर. जतन करायचे तर प्रती अनेक ठिकाणी हव्यात, आणि त्या सांभाळण्याची जबाबदारी कुणीतरी नाव लावून घेतलेली हवी.

वाट वाईनेच दाखवली आहे

वाईत सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला, विसावा 2015 साली. आज ते वीसही खंड कुणालाही इंटरनेटवर मोफत वाचता येतात. लेखकाकडून शुल्क नाही, वाचकाकडून वर्गणी नाही, आणि भाषा मराठी. विश्वकोशामागे शासनाचे बळ होते, हे खरे. पण छोटे ई-नियतकालिक चालवायला तेवढे बळ लागत नाही. 'ओपन जर्नल सिस्टिम्स' ही कॅनडातल्या विद्यापीठांतून तयार झालेली संगणक प्रणाली मोफत मिळते. लागतो तो अभ्यासू संपादक, प्रामाणिक परीक्षक आणि जागरूक ग्रंथपाल. हे तिघेही आपल्या जिल्ह्यांत आहेत.

केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेखाली 30 प्रकाशकांच्या सुमारे 13,000 नियतकालिकांसाठी तीन वर्षांकरिता 6,000 कोटी रुपये मंजूर केले. वाचायला मिळेल, हे चांगलेच. परंतु आपल्या मातीवर मराठीत लिहिलेले संशोधन जपण्याचे काम ती योजना करणार नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

आमच्या मागण्या

1. लेखकाकडून पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या, परीक्षणाचा पुरावा न देणाऱ्या नियतकालिकांतील लेखन आपल्या जिल्ह्यांतल्या कोणत्याही निवड किंवा बढती समितीने ग्राह्य धरू नये. समितीने निबंध स्वतः वाचावा.

2. शिवाजी विद्यापीठ, साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षणसंस्थांनी एकत्र येऊन लेखक व वाचक दोघांनाही मोफत असे मराठी ई-नियतकालिक काढावे. परीक्षकांच्या कामाची नोंद सेवेत व्हावी.

3. मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या फाँटमधल्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधला तर सापडत नाही. असे लेखन असून नसल्यासारखे.

4. प्रत्येक अंकाच्या मोजक्या छापील प्रती काढून त्या विद्यापीठ, नगरवाचनालय आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय यांना द्याव्यात. एक संगणकीय प्रत पूररेषेबाहेरच्या संस्थेत असावी.

5. आपल्या ग्रंथालयांतल्या जुन्या नियतकालिकांचे स्कॅनिंग पुढच्या पुराची वाट न पाहता सुरू करावे आणि कायद्याने मोकळे असलेले अंक सर्वांसाठी खुले करावेत.

प्राध्यापक मित्रांनो, यापुढे छापण्यासाठी एक रुपयाही देऊ नका. मार्गदर्शकांनो, आपल्या विद्यार्थ्यांना त्या वाटेला पाठवू नका. ग्रंथपालांनो, फसव्या नियतकालिकांची माहिती वाचनकक्षात लावा. संस्थाचालकांनो, एक संगणक, एक जागा आणि संपादकाला स्वातंत्र्य द्या. वाचकहो, आपल्या गावच्या महाविद्यालयात जाऊन विचारा, इथले संशोधन आम्हाला कुठे वाचायला मिळेल? त्याचे उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

हे पत्रक वाचा, स्टाफरूममध्ये त्यावर चर्चा करा आणि दुसऱ्याच्या हाती द्या.

आपले,
सातारा–सांगली जिल्ह्यांतील काही प्राध्यापक, ग्रंथपाल आणि वाचक