बंद पाकीट आणि उघडा संच

पेडणे महालातील हळर्णसारख्या गावच्या दुकानातही क्रिकेटपटूंच्या चित्रपत्त्यांची चकचकीत पाकिटे टांगलेली दिसावीत आणि शाळा सुटताच मुलांनी मुठीतले सुटे पैसे मोजून ती घ्यावीत, हे पाहून मुलांना रागे भरणे हा सर्वांत सोपा, परंतु सर्वांत निरुपयोगी उपाय होय. संग्रहाची वृत्ती ही बालमनाची एक अत्यंत शुभ प्रेरणा आहे. वस्तूंतील भेद ओळखणे, त्यांचा क्रम लावणे, आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही याची फेरिस्त मनात बाळगणे, दुबार आलेले पान मित्राला देऊन त्याच्याकडचे घेताना दिलेला शब्द पाळणे, हे सारे शिक्षण त्या छंदात आपोआप घडते. आमचा आक्षेप संग्रहावर नाही. तो आत काय आहे हे न सांगता विकल्या जाणाऱ्या बंद पाकिटावर आहे.

या व्यापाराचे मूळ अमेरिकेत आहे. १९०९ ते १९११ या काळात तेथील अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत बेसबॉलपटूंची चित्रे घातली. पुढे सिगारेटची जागा च्युइंग गमने घेतली आणि गिऱ्हाईक प्रौढाऐवजी बालक झाले. टॉप्स कंपनीने १९५२ साली काढलेल्या मालिकेतील न खपलेल्या पत्त्यांची खोकी काही वर्षांनी समुद्रात बुडवून टाकण्यात आली, असे त्या कंपनीचे अधिकारी साय बर्गर यांनी सांगून ठेवले आहे; आणि त्याच मालिकेतील मिकी मँटल या बेसबॉलपटूचे एक पान २०२२ च्या ऑगस्टात १ कोटी २६ लाख डॉलरांना लिलावात गेले. त्याच्या कितीतरी आधी, जुन्या पत्त्यांना मोठा भाव येतो अशा वार्ता ऐकून तेथील पालकांनी १९८० नंतरच्या दशकात मुलांच्या भविष्याची तरतूद म्हणून पेट्याच्या पेट्या विकत घेऊन ठेवल्या, कारखान्यांनीही मागणीप्रमाणे वाटेल तेवढी छपाई केली, आणि अखेरीस त्या साऱ्या मालाला रद्दीचा भाव आला. जे थोडे जुने पत्ते मौल्यवान ठरले ते आज प्लॅस्टिकच्या आवरणात कायमचे बंद होऊन तिजोऱ्यांत पडले आहेत. त्यांना कोणी हात लावीत नाही.

बंद पाकिटाचे गणित मुलांना कोणी समजावून देत नाही. पन्नास चित्रांचा संच आहे आणि सर्व चित्रे समप्रमाणात छापलेली आहेत असे उदारपणे गृहीत धरले, तरीही तो संच एकट्याने पुरा करण्यास सरासरीने सुमारे २२५ पाने विकत घ्यावी लागतात, आणि त्यांपैकी केवळ शेवटच्या एका चित्रासाठी सरासरी ५० पाने खर्ची पडतात. मग काही चित्रे मुद्दामच दुर्मीळ ठेवली असतील तर त्या खर्चवेचाला सीमाच उरत नाही. मांडवीतील कॅसिनोच्या जहाजांविरुद्ध आणि मटक्याविरुद्ध आपण गोमंतकीय तावातावाने बोलतो. परंतु न दिसणाऱ्या वस्तूवर पैसे लावण्याची, हरल्यावर पुन्हा लावण्याची पहिली सवय आठ-दहा वर्षांच्या मुलाला कोठे लागते, याचा विचार आपण केलेला नाही.

आणि हे सर्व अशा मुलुखात, जेथून पत्रादेवीची हद्द ओलांडून बांद्यावरून थोड्याच वेळात सावंतवाडीला, म्हणजे पत्त्यांच्या एका पूर्ण, उघड्या संचाच्या गावी, पोहोचता येते! १७४६ साली व्हाइसरॉय कॅस्टेलो नोव्हो याने हळर्णचा कोट जिंकला, आणि त्या पराक्रमाबद्दल पुढे पोर्तुगालच्या राजाने त्याला आमच्याच गावाच्या नावाचा, ‘आलोर्नाचा मार्केज’ असा किताब बहाल केला. पण तो कोट मूळचा सावंतवाडीकर भोसल्यांचा, आणि १७८८ च्या तहाने पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत हा सारा महालही त्यांचाच. त्याच भोसल्यांच्या राजवाड्यात आजही दशावतारी गंजिफा हा पत्त्यांचा संच हाताने रंगविला जातो. चिंचोक्याच्या खळीने सिद्ध केलेली, लाखेचा लेप दिलेली ती वाटोळी पाने एकूण १२० असतात: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक ते दहा अंक. मत्स्याचा मासा, कूर्माचे कासव, वामनाचा कमंडलू, परशुरामाचा परशू ही चिन्हे पाहताच जत्रेत रात्र जागवून धयकालो, म्हणजे दशावतारी नाटक, पाहणाऱ्या पेडण्याच्या मुलाला अवतार सांगावा लागत नाही. खेळाचे नियमही बुद्धीला कस लावणारे आहेत: दिवसा डाव रामाचा, रात्री कृष्णाचा, पाच रंगांत अंकांची चढण एका दिशेने, उरलेल्या पाचांत नेमकी उलट, तिघे खेळाडू, प्रत्येकाच्या हाती चाळीस पाने, आणि कोणती पाने पडून गेली याचे अखंड स्मरण. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनाला गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्या फारसी खेळाला अवतारांचे रूप देऊन आपल्या पूर्वजांनी तो पूर्णपणे आपला करून घेतला, ही सामान्य गोष्ट नव्हे.

गंजिफा रंगविण्याची ही विद्या नष्ट होण्याच्या बेतात असताना शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कलावंताकडून ती शिकून घेऊन राजवाड्यातच पुन्हा उभी केली. त्यांच्या श्रमांचे मोल आपण काय केले? जे थोडे लोक गंजिफा विकत घेतात ते तो काचेच्या चौकटीत जडवून दिवाणखान्यात टांगतात, म्हणजे अमेरिकेतील प्लॅस्टिकबंद पत्त्याचीच गत त्याला आणतात. खेळला न जाणारा खेळ जतन झाला असे आम्ही मानीत नाही.

हाताने रंगविलेला संच स्वस्त नसतो आणि एकेका कुटुंबाला तो झेपेलच असे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील शाळांना, वाचनालयांना व पंचायतींना आमची विनंती आहे की त्यांनी प्रत्येकी एक पूर्ण संच घ्यावा, तो कपाटात कुलूपबंद न करता मुलांच्या हाती द्यावा आणि नियम ठाऊक असलेल्या एखाद्या जाणत्या माणसाला बोलावून सुट्टीत डाव मांडावा. सरकारनेही मुलांना विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बंद पाकिटावर कोणते चित्र किती प्रमाणात छापले आहे ते ठळक अक्षरांत लिहिण्याची सक्ती करावी.