रोजगाराचा आकडा मोजला, झोपायच्या जागेचा कोण मोजणार?

चाकणच्या वाहतूक कोंडीवर हल्ली इतकं लिहिलं जातं की त्यात मी आणखी भर घालावी असं काही नाही. तळेगाव चौक म्हणा, आंबेठाण चौक म्हणा, जो एकदा तिथे अडकला त्याला वर्णन करून सांगायची गरज नाही. मला म्हणायचं आहे ते थोडं वेगळं. चाकणचा प्रश्न रस्त्याचा आहे असं आपण सगळेच धरून चाललो आहोत. मला वाटतं तो मुळात घरांचा प्रश्न आहे. पहाटेच्या पाळीला जाणारा माणूस भोसरी, मोशी, चिंचवड, काही वेळा थेट पुण्याहून निघतो. कारखान्याजवळ बायकामुलांना घेऊन राहता येईल, शाळा-दवाखाना असेल आणि पगारात बसेल असं घर त्याला मिळत नाही. मग त्याच्यासाठी कंपनीची बस आली, बस मिळाली नाही तर दुचाकी आली, आणि आता या सगळ्यांसाठी उन्नत रस्ता हवा. म्हणजे घर न बांधल्याची किंमत आपण काँक्रीट ओतून चुकवतो आहोत.

कारखाना आणि घर यांचा एकत्र विचार करणं आपल्याला नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना काढला तेव्हा त्याबरोबर किर्लोस्करवाडी उभी राहिली. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची. पेनिसिलीनच्या कारखान्याबरोबर तिथे कामगारांची वसाहत झाली, शाळा झाली, मैदान झालं. पुढे १९६२ मध्ये एमआयडीसी आली, मोठमोठे कारखाने आले आणि माणसांचा ओघ सुरू झाला. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली आणि १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण. हेतू सरळ होता. उद्योगासाठी एक संस्था जमीन देते आहे, तर माणसांसाठी दुसरी संस्था जमीन घेईल, पेठा आखील, रस्ते-गटारं करील आणि कामगाराला परवडेल असा भूखंड किंवा घर देईल. निगडी प्राधिकरणातले रुंद रस्ते आणि सावली ज्यांना आवडते, त्यांनी ती कागदावर आधी आखली गेली होती हे विसरू नये.

पण प्राधिकरणाचं कौतुक करून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. जमीन ताब्यात घेण्याचा वेग आणि ती विकसित करण्याचा वेग कधी जुळलाच नाही. शेतकऱ्याची जमीन गेली, साडेबारा टक्के परताव्यासाठी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागले, आणि दुसरीकडे कामगार येतच राहिला. त्याला भूखंडांच्या सोडतीची वाट पाहायला सवड नव्हती. त्याने एक गुंठा, अर्धा गुंठा घेतला, मुद्रांकाच्या कागदावर सह्या केल्या आणि आयुष्याची पुंजी घालून दोन खोल्या बांधल्या. थेरगाव, वाल्हेकरवाडी, चिखली, कुठेही पाहा. मग या घरांवर मिळकतकराच्या दुप्पट शास्तीकर बसला. मार्च २०२३ मध्ये शासनाने तो माफ केला, पेढे वाटले गेले. पण कर माफ झाला म्हणून घर अधिकृत झालं नाही, हे कितीजणांनी नीट वाचलं? ज्या अवैध घरांना आपण इतकी नावं ठेवतो, त्यातली बरीचशी वेळेवर न मिळालेली वैध घरंच आहेत.

जून २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित झालं. विकसित भाग महापालिकेकडे आणि उरलेला पीएमआरडीएकडे गेला. संस्था चुकत होती हे खरं. परंतु तिचं काम संपलं होतं का? मला तरी तसं वाटत नाही. काम फक्त पंधरा-वीस किलोमीटर उत्तरेला सरकलं होतं.

आता चाकणकडे बघू. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने इथे सुरू झाले, बजाज त्याआधीपासून होतीच, पाठोपाठ महिंद्रा आली. त्यांच्यामागे सुटे भाग बनवणारे शेकडो लहानमोठे कारखाने. २०११ च्या जनगणनेत चाकणची लोकसंख्या ४१ हजारांच्या आसपास होती आणि कारभार होता ग्रामपंचायतीचा! नगरपरिषद झाली २०१५ मध्ये. जगातल्या नामांकित मोटारी जिथे तयार होतात तिथला कचरा कोणी उचलायचा, हे ठरायला इतकी वर्षं लागली.

आणि आजही कारभार कुणाचा म्हणायचा? कारखान्याची जमीन एमआयडीसीची. बाहेरच्या इमारतीला परवानगी पीएमआरडीएची. चाकण गावठाण नगरपरिषदेचं, पण खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे इथे ग्रामपंचायत. महामार्ग केंद्राचा, धरण जलसंपदा खात्याचं, वीज महावितरणची. प्रत्येकाकडे नकाशा आहे आणि प्रत्येकाचा नकाशा त्याच्या हद्दीवर संपतो. कामगार मात्र रोज या सगळ्या हद्दी ओलांडून जातो.

पाण्याचंच घ्या. भामा आसखेड धरण खेड तालुक्यातलं, चाकणच्या उशाशी. जानेवारी २०२१ पासून त्याचं पाणी पुण्याच्या पूर्व भागाला मिळू लागलं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं आणि पुढची कित्येक वर्षं तेच चालू राहिलं. पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात गोळीबार झाला, त्यात तिघांचा जीव गेला. घरं आधी आणि पाणी नंतर, असा क्रम लावला की शहर आणि खेडं एकमेकांसमोर उभं राहतं. पुण्याच्या माणसाला पाणी नको असं मी म्हणत नाही. पण हिशेब एका टेबलावर कधी मांडलाच गेला नाही, हे म्हणणं भाग आहे.

एक गोष्ट मला फार खटकते. कारखान्याचा सामंजस्य करार होतो तेव्हा वर्तमानपत्रात दोन आकडे छापून येतात. गुंतवणूक किती कोटी आणि रोजगार किती हजार. कारखान्याला वीज किती, पाणी किती, सांडपाणी किती हेही विचारलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण त्या रोजगाराच्या आकड्यापुढे आणखी एक रकाना काढून, ही माणसं रात्री झोपणार कुठे, असं कोणी विचारत नाही. आम्ही मुलांना गणित शिकवताना हातचा विसरला की अख्खं उत्तर चूक द्यायचो. इथे हातचा धरलाच जात नाही. विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कंत्राटी मुलं एका पत्र्याच्या खोलीत पाच-सहा जण राहतात. एक पाळीवरून आला की दुसरा निघतो. ज्याचं कुटुंब बरोबर आहे त्याच्या मुलाचं नाव वर्षाच्या मध्येच शाळेच्या पटावर चढतं आणि खोली बदलली की उतरतं. अशा मुलाचं शिक्षण कसं होतं ते कोणत्याही शिक्षकाला विचारा.

बाहेर काय होतं? फोक्सवॅगनचं जर्मनीतलं वोल्फ्सबुर्ग हे गाव १९३८ साली कारखान्याबरोबरच वसवलं गेलं. ते हिटलरच्या राजवटीत झालं, तेव्हा त्याचे गोडवे गाण्याचा प्रश्नच नाही. पण मोटारीचा कारखाना म्हणजे त्याबरोबर गाव, हे त्या धंद्याला पूर्वीपासून ठाऊक आहे. आपल्या जवळचं उदाहरण तमिळनाडूचं. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर भागात तिथल्या सरकारच्या सिपकॉट या औद्योगिक महामंडळाने १८,७२० महिला कामगारांसाठी वसतिगृह बांधलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते सुरू झालं, आणि राहतात त्या फॉक्सकॉनच्या कामगार. जमीन सरकारची, गरज उद्योगाची, दोघांनी बसून ठरवलं. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात कामगारांसाठी भाड्याच्या घरांची योजना जाहीर झाली, त्यातही उद्योगांचा सहभाग गृहीत धरलेला आहे. म्हणजे कल्पना कुणाला सुचत नाही असं नाही.

यावर काही जण म्हणतील, कंपनीने गाड्या बनवायच्या की चाळी बांधायच्या? बरोबर आहे, बांधू नयेत. मालकाच्या घरात राहणाऱ्या कामगाराची नोकरी गेली की छप्परही जातं, तेही नको. पण किती माणसं लागणार ते खरं सांगावं, कंत्राटी धरून सांगावं, आणि भाड्याच्या घरांसाठी वाटा उचलावा. दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. एकदा प्राधिकरणाने पोळलेला माणूस पुन्हा घरांसाठी जमीन का देईल? त्याला उत्तर एकच. परतावा आधी, ताबा नंतर. नाहीतर एमआयडीसीच्या ताब्यात जी जमीन आहे त्यातलाच ठरावीक हिस्सा घरांना द्यावा. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात कामाच्या ठिकाणी चालत जाता यावं अशी भाषा आहेच, तिची सुरुवात चाकणपासून करायला काय हरकत आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये त्या वेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार भल्या सकाळी चाकणची कोंडी पाहायला गेले आणि चाकणला वेगळी महापालिका हवी असं म्हणाले. होऊ दे. पण महापालिकेला एमआयडीसीवर हुकूम चालवता येत नाही आणि धरणाचं दार उघडता येत नाही. नुसती पाटी बदलून भागणार नाही. मला हवा आहे तो एक साधा नियम. नव्या कारखान्याला जमीन देण्याच्या कागदावर पीएमआरडीए, जलसंपदा आणि स्थानिक संस्था यांची एकत्र सही असावी, आणि त्या कागदावर लिहिलेलं असावं की इतकी माणसं येणार, इतकी घरं इथे, इतकं पाणी या धरणातून, आणि अमुक तारखेपर्यंत. तारीख चुकली तर पुढची जमीन द्यायची नाही. यामुळे एखादा कारखाना दुसऱ्या राज्यात जाईल ही भीती दाखवली जाईल. मला उलट वाटतं. रोज दोन-दोन तास ज्याचे कामगार आणि ट्रक रस्त्यावर उभे असतात, तोच कारखानदार आधी निघून जाईल.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं या पट्ट्यात नोकरीला आहेत. त्यांचं घर आणि कारखाना यांतलं अंतर किती, आणि ते का आहे, हे एकदा त्यांना विचारा. काय उत्तर मिळतं ते मलाही कळवा.